चोपन्न भाग

चोपन्न म्हटल्यावर तू फोनवर हसलीस, कालिंदी.
"तेवढ्यात माझी दोन बाथरूम नवी होतील."
होऊ देत.
मी सांगते ते थोडंच आहे,
बाकीचं रात्री एकटी असशील तेव्हा बघ.

मिठाच्या कराचा एक कारकून.
पहिल्याच भागात त्याची मान जाते
आणि ती जाताना दिसत नाही.
दिसते दारात टेकवलेली ओली छत्री,
तिच्या टोकाशी साचत जाणारं पाणी,
आणि नऊ वर्षांची पोर, ते फडक्याने पुसणारी,
कारण बाबांना ओली फरशी खपत नाही.

मी इथेच अडकले.

मग ती मोठी होते, त्याच प्रधानाच्या घरी
शाई उगाळायला राहते.
आपल्याकडे सूड म्हणजे भडका,
दातओठ खायचे आणि मध्यंतराच्या आत बंदूक.
ही सात भाग नुसती शाई उगाळते.
सात. मोजलेत मी.
मनगट गोल फिरतं, दगडावर काळं पाणी चढतं,
आणि तो तिच्याच शाईने
तिच्या उरल्यासुरल्या माणसांना हद्दपार करतो.
डूख धरणं हा शब्द मी लहानपणापासून वापरत आले,
तो करायचा कसा, ते मला इथे, हलमध्ये,
पन्नाशी उलटल्यावर दिसलं.

बाहेर चारलाच अंधार. हंबरवरचं धुकं
काचेला नाक लावून उभं.
हीटर तासभरच, मग सोलापुरी चादर.
सोमवारी टेकअवे बंद म्हणून शेजारच्या मिसेस लाउ येतात.
वाटलं होतं, त्या मला समजावून सांगतील.
त्या हाँगकाँगच्या, हे दरबारी चिनी त्यांनाही अर्धंच कळतं.
दोघी खालच्या इंग्रजी ओळी वाचतो.
त्यांचं वाचून आधी होतं, सुस्काराही आधी निघतो,
त्यामुळे कोण मरणार
ते मला क्षणभर अगोदर समजतं.

दोषही सांगते. दाढ्या चिकटवलेल्या,
बर्फ साबणाचा,
सतरा ते एकवीस एका राजपुत्राचं लग्न, ते पळव.
पण तिचा चहा ओतणारा हात पळवू नकोस.

आता डेरेकचं.
लॅबमधला, आठवतो ना?
दोन नळ्यांची लेबलं त्याने बदलली, सही माझी निघाली.
मी राजीनामा दिला. निरोपाचा केकसुद्धा मीच कापला,
त्याला कडेचा तुकडा, आयसिंगवाला.
मग अकरा वर्षं शॉवरखाली
त्याला सुनवायची वाक्यं घासूनपुसून ठेवली,
त्यातलं इंग्रजी सुधारत गेले.

नोव्हेंबरात तो सुपरमार्केटात भेटला. लोकरी टोपी,
हातात यादी, बायकोच्या अक्षरातली असावी.
"आपण कुठेतरी भेटलोय का?"
म्हणाला, आणि खरंच आठवत राहिला.
मी म्हटलं, ओट्स सहा नंबरच्या रांगेत.

त्याच सोमवारी बावन्नावा भाग.
प्रधान गुडघ्यांवर. ती बापाचं नाव घेते,
वीस वर्षं जिभेखाली धरलेलं.
म्हातारा डोळे बारीक करतो. टाळत नाही, आठवून बघतो.
आणि विचारतो,
"त्यातला कोणता?"

मिसेस लाउंनी या वेळी सुस्कारा टाकला नाही.
मी चित्र थांबवलं, किटली लावली,
ती उकळून बंद झाली, पुन्हा लावली.
त्यांनी सँडलचा पट्टा उगाच काढून घातला.
डेरेकबद्दल मी त्यांना कधी बोलले नव्हते.
तेव्हाही बोलले नाही.

पुढे दोन भाग आहेत. ते माझ्याकडून मिळायचे नाहीत.
तिच्या हातात शाईचा दगड आहे, जड आहे,
इतकंच.
बाथरूमचं काम सोमवारी नसेल तर सुरू कर.
आणि पहिल्या भागात ती छत्री
नीट बघ, कुणाची आहे.
मी पहिल्यांदा बघितलीच नव्हती.